राखीव रनिंग बॅक आणि साडेपाच यार्डांचं कोडं

ऑगस्ट १९९५. टोकियोत डेन्व्हर ब्राँकोज आणि सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स या अमेरिकन फुटबॉल संघांचा हंगामपूर्व सामना चालू होता. डेन्व्हरच्या रनिंग बॅकच्या, म्हणजे चेंडू हातात घेऊन पळणाऱ्यांच्या, रांगेत टेरेल डेव्हिस पार शेवटी होता. ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या वार्षिक निवडीच्या, सहाव्या फेरीत, १९६व्या क्रमांकावर निवडलेला पोरगा, संघात टिकेल की नाही याचीच शंका. त्या दिवशी किकऑफनंतर, म्हणजे आपल्या संघाने चेंडू लाथेने समोरच्यांकडे धाडल्यावर, तो सुसाट पळत गेला आणि चेंडू घेऊन येणाऱ्याला त्याने असा काही लोळवला की प्रशिक्षकांनी त्याची दखल घेतलीच. हंगाम सुरू झाला तेव्हा तो मुख्य रनिंग बॅक होता आणि १९९८ साली त्याने २,००८ यार्ड पळून दाखवले.

या गोष्टीत मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते हे, की त्याचं नशीब पालटलं तेव्हा चेंडू त्याच्या हातात नव्हताच.

एनएफएल या अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगमध्ये दर हंगामात कुठल्या ना कुठल्या संघाचा मुख्य रनिंग बॅक जखमी होतो, नाहीतर त्याचा करार संपतो, आणि जुनाच प्रश्न नव्याने उभा राहतो: राखीव गड्यावर सगळा भार टाकायचा का? पाहणारे आधी त्याची सरासरी बघतात, म्हणजे दर कॅरीमागे (चेंडू घेऊन पळण्याच्या एका खेपेमागे) किती यार्ड. राखीव खेळाडूची सरासरी बऱ्याचदा मुख्य खेळाडूपेक्षा चांगली दिसते. त्याचे पाय ताजे असतात. समोरचा बचाव दमलेला असतो, किंवा पास येणार असं धरून मागे सरकलेला असतो. एक यार्ड हवा असताना गर्दीत घुसण्याचं काम मुख्य गड्याच्या वाट्याला येतं आणि त्यात त्याची सरासरी घसरते.

सरासरीवर भुलू नये हा धडा डेन्व्हरनेच दिला. माइक शॅनहन मुख्य प्रशिक्षक होते आणि ऑफेन्सिव्ह लाइन, म्हणजे पुढे उभं राहून पळणाऱ्याला वाट करून देणारे पाच जण, ॲलेक्स गिब्ज यांच्या हाताखाली होती. लाइनमधले पाचही जण एका लयीत बाजूला सरकायचे, पळणाऱ्याने फट हेरायची आणि एकाच वळणात आत घुसायचं, अशी ती झोन ब्लॉकिंगची पद्धत. डेव्हिसचा गुडघा गेला तेव्हा १९९९ मध्ये ओलांडिस गॅरी १,१५९ यार्ड पळाला. पुढच्या वर्षी माइक अँडरसनने १,४८७ यार्ड काढले, तोही सहाव्या फेरीतलाच. मग डेन्व्हरमध्ये कुणालाही उभं करा, हजार यार्ड ठरलेले, असं लोक म्हणू लागले. क्लिंटन पोर्टिसची तिथली सरासरी दोन्ही हंगामांत ५.५ होती. २००४ मध्ये तो वॉशिंग्टनला गेला आणि ती ३.८ वर आली. पण म्हणून सगळं श्रेय लाइनलाच द्यावं, तर रुबेन ड्राउन्स आडवा येतो. २००४ मध्ये डेन्व्हरकडून १,२४० यार्ड काढणाऱ्या या गड्याने पुढच्याच वर्षी क्लीव्हलँडमध्ये १,२३२ काढले.

कॅन्सस सिटीची कथा अधिक बोलकी आहे. प्रीस्ट होम्सला १९९७ मध्ये कुणीच ड्राफ्ट केलं नव्हतं. बॉल्टिमोरकडून १९९८ मध्ये त्याने हजार यार्ड ओलांडले, तरी २००० साली पहिल्या फेरीतला जमाल लुईस आला आणि होम्स मागे पडला. २००१ मध्ये तो कॅन्सस सिटीत आला आणि १,५५५ यार्ड पळून लीगमध्ये पहिला ठरला. त्याच हंगामात त्याने ६२ पासही झेलले. पुढे तो जखमी झाल्यावर २००५ मध्ये लॅरी जॉन्सनने लागोपाठ नऊ सामने सुरुवातीपासून खेळून प्रत्येकात शंभर यार्डांपुढे मजल मारली. २००६ मध्ये त्याला ४१६ कॅरी दिल्या गेल्या, एका हंगामातला तो विक्रम. त्यानंतर त्याने पुन्हा कधीच हजार यार्ड गाठले नाहीत. एवढा भार एका माणसावर टाकायला नको होता, असं मला आजही वाटतं.

मात्र मूल्यमापनाचा खरा कस लागला तो मायकल टर्नरच्या बाबतीत. सॅन डिएगोत लाडेनियन टॉमलिन्सन असताना दुसऱ्या कुणाला काय मिळणार? चार वर्षांत टर्नरला २२८ कॅरी मिळाल्या, सरासरी ५.५. २००८ मध्ये अटलांटाने त्याला मोठा करार दिला. पहिल्याच सामन्यात त्याने २२० यार्ड काढले आणि हंगामाअखेर ३७६ कॅरींत १,६९९. सरासरी ४.५ झाली, म्हणजे पूर्ण एक यार्ड खाली, आणि तरीही निवड शंभर टक्के बरोबर ठरली. भार वाढला की सरासरी सहसा उतरतेच. ती उतरून कुठे थांबेल, हे आधी ओळखता यायला हवं.

त्यासाठी बघायच्या गोष्टी आकड्यांच्या तक्त्यात पटकन दिसत नाहीत. कबड्डीत चढाई करणाऱ्याचं बळ हात लागल्यावर कळतं, तसंच इथे: पहिला धक्का बसल्यावर तो किती पुढे जातो? थर्ड डाउनला (तिसऱ्या प्रयत्नाला) ब्लिट्झ येताना, म्हणजे जादा बचावपटू चाल करून येताना, पास फेकणाऱ्या क्वार्टरबॅकसमोर उभा राहून धावून येणाऱ्याला अडवतो का? हे जमत नसेल, तर वेग कितीही असो, प्रशिक्षक त्याला पासच्या वेळी बाहेर काढतात. मग तो मैदानात आला की चेंडू त्याच्याकडेच जाणार, हे समोरच्यांना आपोआप कळतं.

शिवाय काळही बदलला. २००६ मध्ये एकट्याला ४१६ कॅरी देणाऱ्या लीगमध्ये २०२३ साली तीनशेपर्यंत कुणीच पोचलं नाही. त्याच वर्षी टोनी पोलार्ड डॅलसचा मुख्य गडी झाला. २०२२ मध्ये एझिकिएल एलियटच्या जोडीला खेळताना त्याने १९३ कॅरींत १,००७ यार्ड काढले होते, सरासरी ५.२. एलियट गेल्यावर २५२ कॅरींत १,००५, सरासरी ४.०. जानेवारी २०२३ मध्ये त्याचा पाय मोडला होता, त्यामुळे एका हंगामावरून निकाल देणं घाईचं झालं असतं. २०२४ मध्ये तो टेनेसीला गेला, जिथून डेरिक हेन्री नुकताच बाहेर पडला होता. तिथे २६० कॅरी, १,०७९ यार्ड, सरासरी ४.१. नवा संघ, नवी लाइन, पाय बरा झालेला, आणि आकडा जवळपास तोच.