माजुली: बेटाहून जुनी सत्रं

आसामातल्या माजुलीची ओळख 'ब्रह्मपुत्रेतलं मोठं बेट' अशी असली, तरी चारशे वर्षांपूर्वी ते बेट नव्हतं. उत्तरेला ब्रह्मपुत्रा, दक्षिणेला दिहिंग नदी आणि मध्ये चिंचोळा भूभाग. सतराव्या शतकात इथे भूकंपांमागून भूकंप झाले. पुढे १७५० च्या सुमारास महापूर आला आणि ब्रह्मपुत्रेचा मुख्य प्रवाह दिहिंगच्या पात्रात शिरला. उत्तरेकडचं जुनं पात्र आटत आटत खेरकटिया सुती हा लहानसा प्रवाह झालं. मधली जमीन चहूबाजूंनी पाण्यात सापडली.

वैष्णव परंपरा मात्र त्याआधीच तिथे रुजली होती. आसामातले वैष्णव संत शंकरदेव आणि त्यांचे पुढचे शिष्य माधवदेव यांची पहिली भेट सोळाव्या शतकात इथल्याच धुवाहाट-बेलगुरीत झाली; आसामी वैष्णव तिला 'मणिकांचन संयोग' म्हणतात. आपल्याकडचे एकनाथ त्याच शतकातले. आहोम राजा जयध्वज सिंहाच्या आश्रयाने १६५३ मध्ये आउनिआटी सत्र उभं राहिलं. सत्र म्हणजे निव्वळ मठ नव्हे. मध्यभागी नामघर म्हणजे प्रार्थनेचं सभागृह, भोवती भकतांच्या, म्हणजे तिथे राहणाऱ्या भक्तांच्या, खोल्यांच्या ओळी आणि दिवसभर नामकीर्तन, नृत्य, पोथीलेखन. २००० साली शास्त्रीय नृत्य म्हणून मान्यता मिळालेलं सत्रीय याच अंगणांत वाढलं. सामगुरी सत्रात बांबूच्या सांगाड्यावर कापड आणि माती चढवून भाओना या धार्मिक नाट्याचे मुखवटे अजूनही घडवले जातात. २०२४ मध्ये त्यांना भौगोलिक मानांकन मिळालं.

१५ ऑगस्ट १९५० च्या ८.६ तीव्रतेच्या भूकंपाने डोंगर ढासळले, गाळाने नदीचं पात्र उथळ झालं आणि पाणी काठावर धडका देऊ लागलं. माजुलीचा काठ वाळू आणि गाळाचाच, तो टिकणार कसा? विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बेट सुमारे साडेबाराशे चौरस किलोमीटर होतं. वाळूचे पट्टे वगळले, तर आज त्याच्या निम्मंही उरलेलं नाही. बेलगुरीची ती मूळ जागा नदीने नेली. कित्येक सत्रांनी पोथ्या आणि मूर्ती घेऊन पलीकडच्या काठावर बस्तान हलवलं.

२०१६ मध्ये माजुली हा देशातला पहिला नदीबेट-जिल्हा झाला. तरी हानीची मोजदाद अजून हेक्टरांतच होते, हे मला अपुरं वाटतं. इथल्या मिसिंग जमातीच्या लोकांची खांबांवरची चांगघरं पुराशी जुळवून घेतात, पण ढासळत्या काठापुढे त्यांचाही इलाज नाही. बेटावरच्या सालमोरा गावचे कुंभार चाकाशिवाय, हाताने थापून मडकी करतात आणि नावेने गावोगाव नेऊन भाताच्या बदल्यात देत आले आहेत. त्यांची माती येते ती याच काठातून.