ओलिसांना पोलिसांची भीती का वाटली?

ओलीसनाट्यात आधी बोलायचं आणि बंदूक शेवटी काढायची, हे आज गृहीत धरलं जातं. पन्नासेक वर्षांपूर्वी तसं नव्हतं. घेराव घाला, इशारा द्या, आत घुसा, हीच रीत होती आणि तिची किंमत बऱ्याचदा ओलीसच मोजत. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी पहारेकऱ्यांना ओलीस धरलं. वाटाघाटी फिसकटल्यावर पोलिसांनी अंदाधुंद गोळीबार करत तुरुंग ताब्यात घेतला. या कारवाईत २९ कैदी आणि १० ओलीस गेले. कैद्यांनी ओलिसांचे गळे चिरले, असं आधी सांगण्यात आलं. शवविच्छेदनात मात्र ते सुटकेसाठी आलेल्यांच्याच गोळ्यांनी मेल्याचं निघालं. पुढच्या वर्षी म्युनिक ऑलिम्पिकमधल्या ओलीसनाट्यात ११ इस्रायली खेळाडू-प्रशिक्षक मारले गेले. त्यातले नऊ जण विमानतळावर सुटकेचा प्रयत्न फसला तेव्हा दगावले.

म्युनिकनंतर न्यूयॉर्क पोलिसांनी हा प्रश्न गंभीरपणे हाती घेतला. फ्रँक बोल्झ हे अधिकारी आणि मानसशास्त्रात डॉक्टरेट मिळवलेले पोलीस तपास अधिकारी हार्वे श्लॉसबर्ग यांनी जी पद्धत बसवली, तिचा गाभा एकच होता: वेळ काढा. वेळ गेला की राग ओसरतो, माणूस थकतो, भूक लागते आणि जेवणाच्या बदल्यात काहीतरी मागता येतं. जानेवारी १९७३ मध्ये ब्रुकलिनच्या एका दुकानात दरोडेखोर अडकले. सुरुवातीलाच एक पोलीस मारला गेला, तरीही बाकीच्यांनी धावा केला नाही. ४७ तास वेढा चालला. ओलीस छताच्या वाटेने निसटले आणि दरोडेखोर शरण आले.

त्याच वर्षीच्या २३ ऑगस्टला स्टॉकहोमच्या नॉरमाल्मस्तोर्ग चौकातल्या क्रेडिटबँकेत यान-एरिक ऊलसन बंदूक घेऊन शिरला. चार कर्मचारी ओलीस. त्याच्या मागणीवरून क्लार्क ऊलोफसन या कैद्यालाही तुरुंगातून बँकेत आणण्यात आलं. पुढे पोलिसांनी तिजोरीच्या खोलीचं दार बाहेरून बंद केलं, म्हणजे ओलीसही आतच कोंडले गेले. त्याआधी एका ओलीस महिलेला बंद जागेचा त्रास होत होता. ऊलसनने गळ्यात दोर बांधून तिला थोडं बाहेर फिरू दिलं आणि तिला तो भला वाटला. एका कर्मचाऱ्याला तो म्हणाला, पोलिसांना धाक बसावा म्हणून तुझ्या पायात गोळी मारतो. फक्त पायातच मारणार म्हणतोय, केवढा दयाळू, असं तेव्हा आपल्याला वाटल्याचं त्या माणसाने नंतर सांगितलं.

क्रिस्टिन एनमार्क या ओलीस तरुणीने तर स्वीडनचे पंतप्रधान उलोफ पाल्मे यांनाच फोनवर विनवलं की आम्हाला या दोघांबरोबर जाऊ द्या, भीती वाटते ती पोलिसांच्या हल्ल्याची. सहाव्या दिवशी अश्रुधूर सोडल्यावर दोघे शरण आले, पण ओलीस आधी बाहेर पडायला तयार होईनात. आपण निघालो की पोलीस या दोघांना गोळ्या घालतील, ही धास्ती.

पोलिसांचे सल्लागार मनोविकारतज्ज्ञ निल्स बेयेरोत यांनी या वागण्याला चौकाचंच नाव दिलं. जगभर ते ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ म्हणून पसरलं. नाव इतकं चटपटीत की त्याखालचा साधा हिशेब झाकला गेला. वरून पोलीस छताला भोकं पाडत आहेत, दार बाहेरून बंद आहे, अशा वेळी आतल्या माणसाला जास्त धोका कोणाकडून दिसेल? एनमार्क यांनी पुढे हेच सांगितलं: ती जगण्याची धडपड होती, आजार नव्हे. अमेरिकन मनोविकारतज्ज्ञांच्या अधिकृत निदानपुस्तिकेत हा ‘आजार’ आजही नाही.

ओलीस आणि अपहरणकर्ते यांच्यातली ही जवळीक दोन्ही बाजूंनी चालते, हे डिसेंबर १९७५ मध्ये नेदरलँड्समधल्या वेस्टरजवळ दिसलं. इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांच्या स्वातंत्र्यासाठी लढणाऱ्या दक्षिण मोलुक्कन बंडखोरांनी रेल्वेगाडी अडवली होती. एका संपादकाला ठार करायचं ठरलं. त्याने बायकोसाठी शेवटचा निरोप सहप्रवाशाला सांगायला घेतला. संसारातल्या अडचणी, चुका, मुलांचे प्रश्न. ते ऐकल्यावर अपहरणकर्त्यांचा हात उठेना. मरणातून वाचला मात्र फक्त तोच. त्याच्या जागी दुसऱ्याला नेऊन मारलं.

म्हणून वाटाघाटी करणारे आजही ओलिसांचा उल्लेख शक्यतो नावाने करतात. कोणाला औषध हवंय, कोणाची तब्येत कशी आहे, हे पुन्हा पुन्हा विचारतात. मात्र कारवाईचा बेत ते ओलिसांच्या कानावर जाऊ देत नाहीत, आणि आतून ओलिसाने दिलेली माहितीही पडताळल्याशिवाय धरत नाहीत.