त्वचेच्या आतून परतणारा प्रकाश

हातावर टॉर्च मारला की जेमतेम ४ ते ५ टक्के प्रकाश वरच्या वर परततो. उरलेला आत शिरतो, पेशींवर, तंतूंवर आपटत भरकटतो आणि त्यातला काही पुन्हा बाहेर येतो. डोळ्याला हे दोन्ही एकत्रच दिसतात. ओळखायची खूण एकच, कंपनांची दिशा. ध्रुवित, म्हणजे एकाच दिशेत कंप पावणारा प्रकाश टाकला, तर पृष्ठभागावरून परतताना तो दिशा टिकवतो; आत भटकलेला ती हरवून बसतो.

त्वचा मोठी करून दाखवणाऱ्या, त्वचारोगतज्ज्ञांच्या ध्रुवित डर्मोस्कोपमध्ये कॅमेऱ्यापुढचा फिल्टर टाकलेल्या प्रकाशाच्या दिशेला आडवा लावलेला असतो. वरची चकाकी नाहीशी होते, खालच्या रक्तवाहिन्या आणि रंगद्रव्य स्पष्ट दिसतं. अमेरिकेतल्या स्टीव्हन जॅक्स यांनी नेमकं उलट केलं. फिल्टर सरळ आणि आडवा ठेवून दोन छायाचित्रं घ्यायची, त्यांच्या वजाबाकीला बेरजेने भागायचं. खोलवरचा प्रकाश वजाबाकीत जातो आणि फक्त वरच्या थराची वीण उरते. मेलॅनिन हे त्वचेचं रंगद्रव्य दोन्ही छायाचित्रं सारख्याच प्रमाणात काळवंडवतं, म्हणून भागाकारात त्वचेवरचा तीळसर डागही पुसला जातो! कर्करोगाची गाठ मात्र ती वीणच विस्कटते, त्यामुळे नुसत्या डोळ्यांना न दिसणारी तिची कड इथे सापडू शकते.

ही वीण मुख्यतः कोलॅजन या तंतुमय प्रथिनाची. त्याच्या तंतूंना समांतर कंप पावणारा प्रकाश आडव्या प्रकाशापेक्षा किंचित हळू जातो. स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या कंडरेत हा फरक हजारात साधारण तीनच. पण १ मिलिमीटर अंतरात तो ३ मायक्रोमीटर होतो, म्हणजे दृश्य प्रकाशाच्या पाच-सहा तरंगलांबींएवढा. इतका फरक यंत्राला सहज मोजता येतो.

सुमारे ६० अंश सेल्सिअसच्या पुढे कोलॅजनची रचना मोडते आणि हा फरक घटतो. मला यातली सर्वांत मोलाची गोष्ट हीच वाटते. भाजलेली जखम किती खोल आहे यावर त्वचारोपण करायचं की नाही हे ठरतं, आणि तो अंदाज डॉक्टर बहुतेकदा नजरेनेच घेतात. हा फरक किती खोलवर घटला हे मोजता आलं, तर ती खोली कळू शकते. डोळ्यांच्या दवाखान्यात दृष्टिपटलाचे थर प्रकाशाने दाखवणारं ओसीटी हे तंत्र १९९१ साली अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत घडलं. पुढच्याच वर्षी त्याच गटाने त्याला ध्रुवीकरणाची जोड दिली. १९९७ साली योहानेस द बूर आणि सहकाऱ्यांनी गुरांच्या कंडरेवर लेसरने भाजलेला भाग याच तंत्राने दाखवला.

मात्र त्वचेत हे यंत्र एक-दोन मिलिमीटरपर्यंतच पाहू शकतं. पाठीसारख्या जाड त्वचेवरची खोल जखम त्याला तळापर्यंत मोजता येत नाही.