साखळी तुटली की लगेच कळतं?

तरंगत्या प्लॅटफॉर्मची नांगरसाखळी तुटली की तो सरकतो आणि लगेच कळतं, हा समज जुना आहे आणि चुकीचा. शांत समुद्रात उरलेल्या साखळ्या भार वाटून घेतात. सरकणं रोजच्या हेलकाव्यांत लपतं. साखळी समुद्रतळावर तुटली, तर वर लोंबणाऱ्या वजनामुळे लोडसेल (साखळीवरचा ताण मोजणारा सेन्सर) जवळपास जुनाच आकडा दाखवू शकतो. म्हणून ताणासोबत इन्क्लिनोमीटरने साखळीचा कोन मोजा, जीपीएसवरच्या जागेशी ताडून पाहा. तिन्हींचा मेळ बसेना, तर सेन्सर बिघडला म्हणून मोकळे होऊ नका (बहुतेकदा लोक हेच करतात), आरओव्ही, म्हणजे दुरून चालवायचा पाण्याखालचा रोबो, उतरवा. सगळ्या साखळ्या शाबूत असताना एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) मार्गदर्शिकेतला किमान सुरक्षा-गुणक (साखळी तुटण्याचा भार तिच्यावरच्या कमाल ताणाच्या किती पट, तो आकडा) १.६७, एक गेल्यावर १.२५. वादळ आलं की हा फरक जाणवतो.