केमोच्या २१ दिवसांत व्यायाम बसवताना

स्तनाच्या कर्करोगासाठी केमो सुरू झाली की घरचे बजावतात, आता अंथरुणातून उठायचं नाही. त्यामागे माया असते. पण केमोचा थकवा कामाच्या शिणासारखा झोपून उतरत नाही. पडून राहिल्याने मांड्यांतली ताकद जाते, मग खुर्चीतून उठतानाही धाप लागते आणि पुन्हा पडून राहावंसं वाटतं. हा फेरा तोडायला थोडा व्यायाम लागतोच.

कॅनडातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २००७ साली प्रसिद्ध झाले. त्यात केमो घेणाऱ्या २४२ स्त्रिया होत्या. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांना ठरलेल्या औषधमात्रेपैकी सरासरी ८९.८ टक्के मात्रा वेळेत घेता आली, तर व्यायाम न दिलेल्या गटाला ८४.१ टक्के. हा फायदा प्रत्येक चाचणीत दिसलेला नाही. थकवा कमी होतो हे मात्र पुन्हा पुन्हा दिसलं आहे.

आठवड्यातून तीनदा ३० मिनिटं भरभर चालणं आणि दोनदा स्नायूंचा व्यायाम, हे साधारण माप. पण ते रोज सारखं लावू नका, केमोच्या चक्राप्रमाणे कमीजास्त करा. औषध दर २१ दिवसांनी असेल, तर पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. तेव्हा घरातल्या घरात पाच-दहा मिनिटांच्या दोन-तीन फेऱ्या पुरेत. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात आणि संसर्ग चटकन होतो, म्हणून गर्दीची जिम टाळा आणि घरीच करा. तिसरा आठवडा सर्वांत बरा. वाढवायचं ते तेव्हाच. किती जोर लावायचा हे नाडीवरून ठरवू नका, कारण हिमोग्लोबिन उतरलं की बसल्या जागीही ठोके वाढतात. चालताना बोलता यावं, गाता येऊ नये, एवढा वेग ठीक.

मांड्यांसाठी खुर्ची हेच उत्तम साधन. ती भिंतीला टेकवून ठेवा, म्हणजे सरकणार नाही. पावलं कमरेइतकी फाकवा, हात छातीवर घ्या, श्वास सोडत दोन अंक मोजत उठा आणि तीन अंक मोजत सावकाश बसा. आठ-दहा वेळा करा, एक-दोन मिनिटं थांबा, पुन्हा एक फेरी. बरेच जण खाली येताना धपकन बसतात. खरा व्यायाम तर त्या सावकाश बसण्यातच आहे. उठवत नसेल तर बैठकीवर घट्ट उशी ठेवून उंची वाढवा.

काखेतल्या लसिका गाठी काढलेल्या हाताने वजन उचलायची भीती फार, कारण तो हात सुजू शकतो. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हाताला आधीच सूज असलेल्या १४१ स्त्रिया होत्या. हळूहळू वाढवलेल्या वजनांनी त्यांची सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. शस्त्रक्रियेच्या डॉक्टरांनी परवानगी दिल्यावर अर्ध्या किलोपासून सुरुवात करा. हात जड वाटला किंवा अंगठी घट्ट झाली तर वजन वाढवू नका, दाखवून घ्या. पिक लाइन, म्हणजे औषधासाठी दंडाच्या शिरेत घातलेली नळी, असेल तर पोहणं बंद, आणि त्या हाताने जड उचलणंही.

पॅक्लिटॅक्सेल या केमोच्या औषधाने तळपायांना मुंग्या येतात, पाऊल कुठे पडतं ते कळत नाही आणि तोल जातो. अशा वेळी खडबडीत रस्त्यापेक्षा जागच्या जागी चालणारी सायकल बरी. डॉक्सोरुबिसिन आणि ट्रॅस्टुझुमॅब ही औषधं हृदयावर ताण आणू शकतात. आडवं पडल्यावर धाप लागणं किंवा घोट्यांना सूज येणं याला नुसता थकवा समजू नका, डॉक्टरांना कळवा.

ताप ३८ अंश सेल्सियसला, म्हणजे १००.४ फॅरनहाइटला पोचला तर व्यायाम तर सोडाच, तडक रुग्णालय गाठा. गोळी घेऊन वाट पाहू नका. छातीत दुखणं, चक्कर किंवा एकाच पोटरीला सूज आली तरी तेच. प्लेटलेट ५०,००० च्या खाली असतील तर उड्या आणि जड वजनं नकोत. २०,००० च्या खाली गेल्या तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नको. म्हणून सीबीसीचा, म्हणजे रक्तपेशींच्या तपासणीचा, कागद हातात आल्यावरच त्या आठवड्याचा व्यायाम ठरवा.