पश्चिम सहारा सार्वमत : मतदार नोंदणीची पात्रता, पुरावे आणि अपिलाची पद्धत

पश्चिम सहारा या वायव्य आफ्रिकेतील पूर्वीच्या स्पॅनिश वसाहतीच्या भवितव्याचा निर्णय तेथील जनतेने सार्वमताने घ्यावा, यासाठी संयुक्त राष्ट्रांनी मतदार ठरवण्याची एक सविस्तर पद्धत आखली होती. आज या पद्धतीनुसार अर्ज घेतले जात नाहीत आणि सार्वमतही झालेले नाही. तरीही स्वयंनिर्णयाच्या हक्काचे रूपांतर प्रत्यक्ष मतदारयादीत करण्याचा तिथे झालेला हा सर्वांत गंभीर प्रयत्न असल्याने त्याचे नियम नीट समजून घ्यायला हवेत.

या प्रदेशावर हक्क सांगणारा मोरोक्को आणि प्रदेशाच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी पोलिसारिओ आघाडी यांनी ऑगस्ट 1988 मध्ये शांतता योजनेला तत्त्वतः मान्यता दिली. त्यानंतर सुरक्षा परिषदेने 29 एप्रिल 1991 रोजी ठराव क्रमांक 690 करून मिनुर्सो हे सार्वमत घेण्यासाठीचे संयुक्त राष्ट्रांचे अभियान स्थापन केले. मतदारापुढे स्वातंत्र्य किंवा मोरोक्कोत विलीनीकरण असे दोनच पर्याय राहणार होते.

किमान वय 18 वर्षे ही पहिली अट होती. त्याशिवाय अर्जदाराला पाचपैकी एका निकषात बसणे आवश्यक होते. स्पेनने 1974 मध्ये केलेल्या जनगणनेच्या सुधारित यादीत ज्यांचे नाव होते, तसेच जे त्या वेळी सहरावी (पश्चिम सहारातील मूळ रहिवासी) जमातीचे सदस्य म्हणून प्रदेशात राहत होते पण मोजणीतून सुटले होते, ते पहिल्या दोन निकषांनुसार पात्र ठरत. या दोन्ही गटांतील व्यक्तींचे आईवडील व मुले तिसऱ्या निकषात येत. प्रदेशात जन्मलेल्या सहरावी पित्याची अपत्ये चौथ्यात येत. पाचवा निकष प्रदेशाशी संबंधित जमातीच्या अशा सदस्यांसाठी होता, ज्यांनी 1 डिसेंबर 1974 पूर्वी तेथे सलग सहा वर्षे किंवा मधूनमधून मिळून बारा वर्षे वास्तव्य केले होते. खरा वाद शेवटच्या दोन निकषांवर झाला. भटक्या पशुपालकांच्या समाजात वास्तव्याची वर्षे कशी मोजायची, हा प्रश्न अवघड होता आणि यादी किती फुगेल हे त्याच्याच उत्तरावर अवलंबून होते.

ओळख पटवण्याचे काम ऑगस्ट 1994 मध्ये सुरू झाले. प्रदेशातील केंद्रांबरोबरच अल्जीरियातील तिंदूफजवळच्या निर्वासित छावण्यांतही ते चालले. अर्जदाराला स्वतः हजर राहावे लागे. स्पॅनिश राजवटीतील ओळखपत्रे व अन्य नोंदी पुरावा म्हणून चालत. मात्र अनेकांजवळ कागद नव्हते, म्हणून जमातीच्या शेखांची तोंडी साक्षही ग्राह्य धरली जाई. प्रत्येक उपगटासाठी दोन्ही बाजूंचा एकेक शेख असे आणि दोन्ही पक्षांचे निरीक्षकही उपस्थित राहत. माझ्या मते ही तरतूद न्याय्य होती. परंतु एका बाजूने शेख पाठवायला नकार दिला की काम अडे, आणि 1996 मध्ये ते थांबलेच. संयुक्त राष्ट्रांचे विशेष दूत जेम्स बेकर यांच्या मध्यस्थीने सप्टेंबर 1997 मध्ये ह्यूस्टन येथे समझोता झाला, तेव्हा कुठे ते पुढे सरकले.

अखेर 1,98,469 अर्जदारांपैकी 86,386 जण पात्र ठरले. यादीचा पहिला भाग जुलै 1999 मध्ये आणि ज्यांच्या पात्रतेवर वाद होता त्या जमातींचा भाग जानेवारी 2000 मध्ये प्रसिद्ध झाला. या दुसऱ्या भागात 51,220 अर्जदारांपैकी केवळ 2,135 जणांची नावे होती. नाव वगळल्याबद्दल अर्जदाराला अपील करता येई, आणि यादीतील नावावर हरकतही घेता येई. अशी सुमारे 1,31,000 अपिले दाखल झाली. त्यांच्या सुनावणीसाठी पुन्हा शेखांची साक्ष लागणार होती, त्यामुळे आधीचीच कोंडी परत उभी राहिली. शिवाय निकाल एखाद्या पक्षाने नाकारला तर तो अमलात आणण्याची यंत्रणा योजनेत नाही, हे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी 2000 च्या सुरुवातीलाच सुरक्षा परिषदेपुढे मांडले. त्या अपिलांचा निवाडा झालाच नाही आणि यादी अंतिम होऊ शकली नाही.

छावण्यांत तेव्हा जन्मलेली मुले आज प्रौढ आहेत आणि त्यांच्यापैकी कोणाचेही नाव त्या यादीत नाही. यापुढे मतदानाचा विचार झालाच, तर तिसऱ्या आणि चौथ्या निकषांचा लाभ या पिढीला कोणत्या तारखेपर्यंत द्यायचा, हे दोन्ही पक्षांना सर्वांत आधी ठरवावे लागेल.