‘एका मतानं काय होतंय?’

महापालिकेची निवडणूक आली की कट्ट्यावर हमखास ऐकू येतं, ‘माझ्या एका मतानं काय होतंय?’ होतं की! फेब्रुवारी २०१७, मुंबईचा प्रभाग २२०. शिवसेनेचे सुरेंद्र बागलकर आणि भाजपचे अतुल शाह, दोघांनाही ५,९४६ मतं. फेरमोजणीनंतरही बरोबरीच. अखेर नियमाप्रमाणे चिठ्ठ्या टाकल्या आणि शाह नगरसेवक झाले. सुट्टी म्हणून घरी लोळत पडलेला त्या प्रभागातला एखादा मतदार केंद्रावर जाऊन या दोघांपैकी एकाला मत देऊन आला असता, तर चिठ्ठीची वेळच आली नसती. (‘नोटा’ दाबला असता, तर मात्र आली असती!) लोकसभेला मतदार लाखांत असतात, प्रभागात हजारांत, म्हणून एकेक मत इथंच जास्त जड.